राखणीचं पिल्लू पुन्हा करडांच्या मागे लागलंय? खोड परत का येते आणि काय करायचं

आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) सगळं छान चाललेलं असतं. शेळ्यांच्या राखणीसाठी संक्रांतीच्या सुमाराला आणलेलं कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू शेळ्यांच्या अंगाला अंग लावून झोपतं, कळपाबरोबर वावरात जातं, करडाला हुंगून बाजूला होतं. घरातले म्हणतात, पिल्लू तयार झालं. मग मृगाचा पाऊस पडतो आणि तेच पिल्लू एके दिवशी करडाला पार बांधापर्यंत पळवतं. करडाचा कान लाळेने ओला, शेपटीचे केस उपटलेले, कधी कानाची कड फाटलेली. मालक पिल्लाला साखळी लावतो. काही दिवस शांततेत जातात. सोडलं की पुन्हा तेच, आणि आता जास्त जोरात. दिवाळीनंतर शेळ्या विऊ लागल्या की प्रकरण हाताबाहेर जातं, आणि कुत्रं कुणाला तरी देऊन टाकलं जातं.

आमचं खळं चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. इथे राखणीचं कुत्रं ही हौस नाही. डोंगराकडून बिबट्या येतो, पश्चिमेला साक्रीच्या माळरानाकडे लांडग्याची धास्ती असते आणि दिवसाढवळ्या करडं उचलणारी मोकाट कुत्री तर सगळीकडेच आहेत. म्हणून एक चांगलं पिल्लू असं वाया गेलेलं पाहिलं की फार जीव तुटतो. ही खोड पिल्लाच्या स्वभावात असते त्याहून जास्त आपल्या खळ्याच्या रोजच्या व्यवस्थेत असते. व्यवस्था तशीच ठेवून पिल्लाला शिक्षा केली तर खोड तेवढ्यापुरती दबते आणि संधी मिळाली की वर येते.

आधी खात्री करा, चावलं कोणी?

कान फाटलेला दिसला की पहिला आळ पिल्लावर येतो. जरा थांबून जखम नीट पाहा. पिल्लाच्या खेळातली जखम कान, शेपटी आणि मागच्या पायाच्या ढोपराभोवती असते, उथळ असते आणि तिथले केस लाळेने चिकटलेले असतात. बाभळीत किंवा काटेरी तारेत अडकलेला कान सरळ चिरलेला आणि कोरडा असतो. गोचीड झालेली शेळी कान खांबाला घासून घासून रक्त काढते, तेही पिल्लाच्या नावावर जातं.

मोकाट कुत्री मागचे पाय, मांड्या आणि पोट फाडतात, आणि एका झपाट्यात तीन-चार जनावरं जखमी करून त्यातलं फारसं खात नाहीत. बिबट्याच्या सुळ्यांच्या खोल खुणा गळ्यावर किंवा मानेवर सापडतात आणि जनावर ओढत नेल्याच्या खुणाही दिसतात. बिबट्याचा किंवा लांडग्याचा संशय असेल तर मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका. लगेच वनरक्षकाला कळवा. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही.

खेळ आहे की शिकार?

चावणारं पिल्लूच आहे असं ठरलं तर एक सकाळ लांब बसून नुसतं पाहा. मध्ये पडू नका. खेळणारं पिल्लू पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करतं, शेपटी हलवतं, तोंड सैल उघडं ठेवतं, भुंकतं, उड्या मारतं. करडू थांबलं की तेही थांबतं आणि पुन्हा चिथावतं. शिकारीच्या मनाचं पिल्लू आवाज करत नाही. ते मान खाली घालतं, नजर एकाच जनावरावर रोखतं, एकेक पाऊल टाकत पुढे सरकतं आणि नेमकं एकटं पडलेलं किंवा अशक्त करडू निवडतं.

शंभरातली बहुतेक पिल्लं पहिल्या प्रकारची असतात. पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. पण खेळच आहे म्हणून सोडूनही देऊ नका. उन्हात पळवलेलं करडू धापा टाकत मरतं, गाभण शेळी धावपळीत गाभ टाकते. शिवाय पळणाऱ्या करडाचा पाठलाग हेच पिल्लासाठी बक्षीस असतं. अमेरिकेत हॅम्पशायर कॉलेजात रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून राखणीच्या कुत्र्यांवर अनेक वर्षं काम केलं. कुत्र्याची शिकार म्हणजे रोखून पाहणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, असा एकापुढे एक चालणारा क्रम, अशी त्यांची मांडणी आहे. राखणीच्या कुत्र्यात हा क्रम मंद असतो. पण वाढीच्या वयात पाठलागाची चटक लागू दिली तर तो जागा होऊ शकतो.

खोड परत का येते

पहिलं कारण आपला उन्हाळा. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या उन्हात कुठलंही कुत्रं धावत नाही. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत पिल्लू निंबाखाली पडून राहतं आणि आपण समजतो की ते शिकलं. पण ते शिकलेलं नसतं, उन्हाने दमलेलं असतं. गावठी कुत्र्या बहुतेक पावसाळा सरता सरता माजावर येतात आणि हिवाळ्यात वितात. त्यामुळे संक्रांतीला आणलेलं पिल्लू मृगात सहा-सात महिन्यांचं होतं. हवा गार, अंगात रग, आणि वय आडदांडपणाचं. राखणीचं कुत्रं साधारण दीड ते दोन वर्षांचं होईपर्यंत त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवायचा नसतो. मृगात खोड उगवली म्हणजे पिल्लू बिघडलं असं नाही. खरं शिकवणं तिथून सुरू होतं.

दुसरं कारण साखळी, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. बांधलेलं पिल्लू दिवसभर काय करतं? समोर बागडणारी करडं पाहतं, साखळीला झटके देतं, कुंथतं. सगळी रग साठत जाते. शेळ्यांमध्ये शांत कसं राहायचं याचा सराव त्याला एक मिनिटही मिळत नाही. सोडल्यावर ते सुसाट सुटतं, करडं घाबरून पळतात आणि पळणारं करडू पाहून त्याला आणखी चेव येतो. मालक पुन्हा बांधतो. हे चक्र थांबवलं नाही तर बाकीचे सगळे उपाय वाया जातात.

तिसरं, कळप बदलतो. पिल्लू 'शेळी' या जातीला ओळखत नाही, ते आपल्या शेळ्यांना ओळखतं. आठवडे बाजारातून आणलेली नवी शेळी कुत्रं पाहून उधळते. उधळली की पिल्लू मागे लागतं. नवीन जनावर पीपीआरसारख्या रोगांच्या भीतीने दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायलाच हवं. ती वेगळी जागा जाळीपलीकडे, पिल्लाच्या नजरेसमोर करा, म्हणजे दोघांना एकमेकांचा वास अंगवळणी पडतो.

नवजात करडांचंही तसंच. पावसाच्या सुरुवातीला लागलेल्या शेळ्या कार्तिक-मार्गशीर्षात वितात, पोळ्याच्या आसपास लागलेल्या पौष-माघात, कारण गाभणकाळ साधारण दीडशे दिवसांचा. उन्हाळ्यात पिल्लाबरोबर वाढलेली करडं तोवर मोठी झालेली असतात. आता समोर येतं ते ओलं, लडबडणारं, चिरक्या आवाजात ओरडणारं काहीतरी. पिल्लाला ते करडू वाटतच नाही. म्हणून सहा महिने शहाण्यासारखं वागलेलं कुत्रंही विणीच्या हंगामात घसरतं.

आणि एक वेळ सांभाळा, दिवेलागणीची. कळप चरून परत आलेला, करडं आयांकडे धावतायत, सुरती शेळ्यांची (आपल्याकडच्या कित्येकांच्या तोंडी खानदेशी किंवा निमारी) धार चाललेली, सालदार कुट्टी टाकतोय आणि पिल्लाकडे कुणाचंच लक्ष नाही. करडांची शर्यत याच वेळी लागते. एवढ्या तासाभरासाठी पिल्लू त्याच्या कुंपणात गेलं तरी निम्म्या तक्रारी कमी होतात.

भुकेचं लक्षात घ्या. नुसत्या भाकरीवर वाढणारं पिल्लू कायम वखवखलेलं असतं. ते शेळी विल्यावर पडलेली जार खातं, मग जारेने माखलेल्या करडाला चाटता चाटता दात लावतं. जार खोल पुरा. पिल्लाला कळण्याच्या भाकरीबरोबर ताक, शिजवलेलं अंडं, वरण, उकडलेलं मांस द्या. कांदा-लसणाचा रस्सा मात्र देऊ नका, कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक असतात. जेवण अशा जागी द्या जिथे शेळी तोंड घालू शकणार नाही. शेळी भाकरीला आली की पिल्लू गुरगुरतं, आणि गुरगुरण्यातून चावायची सवय लागते.

घरातल्या पोरांनाही एक गोष्ट समजवावी लागते. चेंडू फेकून आणायला लावणं, फडकं ओढणं, त्याला मागे लावून पळणं, या खेळांतून पिल्लू पळणाऱ्यामागे धावायलाच शिकतं.

मग करायचं काय

साखळीऐवजी कुंपण. खळ्याच्या कडेला नको, शेळ्यांच्या मधोमध. पऱ्हाटी किंवा तुरकाठ्यांचा कूड पिल्लू दोन दिवसांत कुरतडतं, म्हणून वेल्डमेश जाळी लावा. वर सावली, आत पाण्याचं भांडं. पिल्लू लहान असताना जाळीत खाली एक फट ठेवा, त्यातून ते बाहेर येऊ शकेल पण शेळी आत जाऊ शकणार नाही. मोठ्या शेळीने ढुशी मारली तर त्याला पळायला जागा हवी. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला ताज्या विलेल्या शेळीजवळ सोडू नका. तिच्या एका धडकेत बरगडी मोडू शकते, आणि जन्मभर शेळीला भिणारं कुत्रं राखण करत नाही.

सोबतीला शेळी निवडावी ती वयस्कर, शिंगांची, धीराची आणि सध्या करडू नसलेली. अशी शेळी पळत नाही. पिल्लाने कान धरला तर वळून ढुशी देते आणि पुन्हा रवंथ करायला लागते. यातून पिल्लू जे शिकतं ते तुम्ही काठीने शिकवू शकत नाही. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत पिल्लाचा मुक्काम अशा दोन-तीन शेळ्या आणि एखाद्या बोकडाबरोबर. करडं जाळीपलीकडे, दिसतील आणि वास येईल अशी, पण तोंडात येणार नाहीत अशी.

त्याची रग जिरवायला हवी. रोज कळपाबरोबर चरायला जाऊ द्या, तीन-चार तास चालून आलेलं पिल्लू संध्याकाळी शांत असतं. पावसाळ्यात वावरात पिकं उभी असल्याने शेळ्या खळ्यातच बांधून असतात, पिल्लूही अडकून पडतं. मृगात खोड उफाळण्यामागे हेही आहे. तेव्हा बांधाबांधाने पाला तोडायला जाताना त्याला बरोबर घ्या. एकाच वेतातली दोन पिल्लं मात्र एकत्र आणू नका. दोघं मिळून एका करडाला घेरतात आणि एकमेकांना चढवतात. जुनं, कळपात मुरलेलं कुत्रं असेल तर त्याच्या हाताखाली एक पिल्लू ठेवणं सर्वांत उत्तम.

टोकायचं कधी, यावर बरंच अवलंबून आहे. पिल्लू करडाकडे रोखून बघायला लागलं, शेपटी ताठ झाली, त्या क्षणी जाड आवाजात एकच शब्द. ते नजर वळवेल, आडवं होईल, तुमच्याकडे येईल. तिथे थांबा. पाठलाग झाल्यानंतरची शिक्षा त्याला कशाबद्दल आहे तेच कळत नाही. काठीने मारलेलं पिल्लू तुमच्यासमोर सरळ वागतं आणि तुमची पाठ वळली की मागे लागतं. याउलट ते करडांजवळ शांत पडलेलं दिसलं की जवळ जाऊन मानेवरून हात फिरवा, हळू बोला. उत्साहाने कौतुक केलंत तर ते उठून उड्या मारायला लागेल.

करडांशी ओळख टप्प्याटप्प्याने. आधी जाळीआडून. मग पिल्लाच्या गळ्यात दोरी, दोरीचं टोक तुमच्या हातात, आणि वेळ निवडायची ती पिल्लू दमून पोटभर खाऊन बसलं असेल तेव्हाची. करडू आपणहून येऊन हुंगेल. पिल्लाने तोंड फिरवलं, जमिनीला अंग टेकलं, तर काम होतंय. तेही काही आठवडे शांततेत गेलं की दोरी जमिनीवर सोडा, तुम्ही मात्र जवळच राहा. एखाद्या दिवशी घसरलं तर एक टप्पा मागे जा. साखळीकडे मात्र परत जाऊ नका.

लोढणं

वाट चुकणाऱ्या ढोरांच्या गळ्यात जसं लोढणं घालतात, तसंच हलकं लोढणं पाठलाग करणाऱ्या पिल्लाला घालता येतं. पट्ट्याला आखूड साखळी, साखळीला हातभर लांबीचा गुळगुळीत लाकडी दांडा आडवा टांगलेला, गुडघ्यांच्या किंचित वर येईल असा. चालताना, बसताना, खाताना त्रास होत नाही. धावायला लागलं की दांडा गुडघ्यांवर आपटतो आणि ते आपोआप थांबतं. यातली चांगली गोष्ट ही की थांबवणारे तुम्ही नसता, त्यामुळे तुम्ही नसतानाही धडा चालू राहतो.

पण अटी आहेत. दांडा जड नको. रोज मान आणि गुडघे तपासा, सोललेलं दिसलं तर काढा. रात्री काढलाच पाहिजे. लोढणं अडकलेलं कुत्रं बिबट्यापुढे किंवा मोकाट टोळीपुढे पळूही शकत नाही. काही आठवड्यांचा हा उपाय आहे, कायमचा दागिना नाही, आणि वर सांगितलेली व्यवस्था बदलली नसेल तर लोढणं काढल्याच्या दिवशी खोड हजर होते.

जातीचा प्रश्न

बरेच जण 'जर्मन' आणतात किंवा कारवान. जर्मन शेफर्ड मेंढ्या हाकणारं कुत्रं, कारवान पळत्या सशामागे सुटणारं. दोघांच्याही रक्तात पाठलाग आहे, त्यांना कळपात एकटं सोडणं म्हणजे खोड विकत घेणं. हिमालयाकडची दाट केसांची कुत्री आपल्या उन्हात हाल काढतात. माझं मत गावठी पिल्लाच्या बाजूने आहे. मेंढपाळांच्या कळपात वाढलेल्या कुत्रीचं पिल्लू मिळालं तर दुसरं काही शोधू नका. अमेरिकेतल्या नवाहो लोकांची मिश्र जातीची साधी कुत्री शेळ्यामेंढ्यांची उत्तम राखण करतात, हे ब्लॅक आणि ग्रीन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं आहे. ती पिल्लं लहानपणापासून कळपातच वाढवली जातात, यश तिथे आहे. नामिबियात १९९४ पासून शेतकऱ्यांना मोठ्या जातीची राखणदार कुत्री दिली गेली. तिथेही जनावरांना इजा करणं आणि कळप सोडून घरी बसणं या तक्रारी आल्याच, आणि बऱ्याच कुत्र्यांमध्ये त्या सुधारता आल्या.

पिल्लू सात-आठ आठवड्यांचं असताना आणा. साधारण तीन ते चौदा आठवडे या काळात त्याच्या मनात 'आपले कोण' हे ठरतं. चार महिने घराच्या ओसरीवर, पोरांच्या मांडीवर वाढलेलं पिल्लू पुढे शेळ्यांपेक्षा माणसांमागे जातं.

औषधपाण्याचं थोडक्यात. सहा-आठ आठवड्यांपासून पार्व्होची लस आणि तिचे पुढचे डोस, तीन महिन्यांना रेबीजची आणि मग दरवर्षी. जंताचं औषध पशुवैद्यकाला विचारून नियमित, त्यात पट्टकृमीवर चालणारं प्राझिक्वांटेल हवंच. खाटकाकडचं कच्चं मुंडकं, कलेजी, फुप्फुस कधीच देऊ नका. त्यातून पट्टकृमी कुत्र्यात जातात, कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी चाऱ्यावर, आणि मग शेळीच्या मेंदूत पाण्याची पिशवी होऊन ती एकाच बाजूला गोल फिरायला लागते. याच वाटेने माणसाच्याही यकृतात गाठी होतात. कुत्री माजावर आली की गावभरची कुत्री खळ्याभोवती जमतात आणि करडं तेव्हाच जातात, म्हणून नसबंदी करून घ्या.

तरीही सुधारत नसेल तर

मुका दबा धरणारं, एकटं करडू निवडणारं पिल्लू वेगळं. व्यवस्था बदलून, लोढणं घालून, पाच-सहा महिने सलग लक्ष देऊनही ते तसंच वागत असेल, किंवा दोन वर्षांचं होऊनही पळत्या जनावरावर तुटून पडत असेल, तर त्याला कळपात ठेवू नका. ते वाईट कुत्रं नाही, या कामाचं नाही. केळीच्या बागेची, ठिबकच्या नळ्यांची, मोटारीच्या खोलीची राखण ते चांगली करेल. जिथे शेळ्या-कोंबड्या नाहीत असा मळा शोधा आणि नव्या मालकाला खोड स्पष्ट सांगा. गावाबाहेर नेऊन सोडलं तर ते मोकाट टोळीत सामील होतं, आणि शेळ्या कुठे असतात हे त्याला माहीत असतं.

पिल्लू तयार झालं तरी रात्री शेळ्या बंद गोठ्यातच हव्यात, विशेषतः यावल-चोपड्याच्या डोंगरपट्ट्यात आणि चाळीसगावला गौताळ्याच्या बाजूला. बिबट्या कुत्र्यालाही खातो. एकट्या कुत्र्याने त्याच्याशी लढावं अशी अपेक्षा ठेवणं अन्याय आहे. रात्री त्याचं काम भुंकून तुम्हाला उठवण्याचं. त्यालाही आत शिरता येईल अशी पक्की जागा द्या, आणि ते भुंकलं की बॅटरी घेऊन उठा.